चुन्याच्या गाडीत पाणी

आमच्या कंपनीत चुन्याच्या गाडीवर पाणी ठेवत नसत. अगदी प्यायचं पाणीसुद्धा नाही. बाकी कुठलाही माल असो, केबिनमध्ये सुरई असायची, रेडिएटरसाठी गंजका डबा असायचा, हात धुवायला एखादी बाटली असायची. चुना भरायचा ठरला की हे सगळं उतरवून गोदामाच्या भिंतीशी मांडायचं आणि मगच पहिलं पोतं चढवायचं. वाटेत तहान लागली तर ढाब्यावर उतरून प्यायचं, तोंड पुसायचं, हात कोरडे करायचे आणि मग गाडीला हात लावायचा. घरात सोवळंओवळं बघत मी लहानाचा मोठा झालो, पण इतकं कडक सोवळं माझ्या आईच्या स्वयंपाकघरातही नव्हतं.

कळीचा चुना म्हणजे भट्टीत भाजलेले पांढरे खडे. दिसायला अगदी गरीब. पाणी लागलं की मात्र फसफसतो, उकळतो, वाफा सोडतो, आणि गोणपाटात बांधलेला असला तर गोणपाट पेटतं. पावसात सापडलेल्या एका चुन्याच्या गाडीचा जळून उरलेला सांगाडा मी रस्त्याच्या कडेला पाहिला होता. तेव्हा पाणी लांब ठेवण्यात शहाणपण होतंच. फक्त त्या शहाणपणाचा पुढे रिवाज झाला, आणि रिवाजाबद्दल प्रश्न विचारणारा माणूस आमच्याकडे फार दिवस टिकत नसे. मीही कधी विचारला नाही.

झाशीत आमच्यासारखी मराठी घरं मोजकीच. पूर्वज कधी काळी कारभाराला आले आणि इथेच रुजले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि भांडण रंगात आलं की बुंदेली. वडील कचेरीत कारकून, एक काका रेल्वेत, दुसरे देवळात पूजेला. मी ट्रकवर जाणार म्हटल्यावर घरात आठवडाभर कुणी धड जेवलं नाही. आई तर शेवटपर्यंत विचारणाऱ्याला "तो वाहतुकीकडे असतो" एवढंच सांगायची, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की हा कुठल्या तरी सरकारी खात्यात खुर्चीवर बसतो. कंपनीत मात्र मी पहिल्या दिवसापासून "पंडित". आडनाव कुणी विचारलंच नाही.

मला गाडी शिकवली ती उस्तादांनी. उस्ताद टहरौलीचे. वयानं माझ्या काकांएवढे, अंगानं दोन काकांएवढे. डोक्याला मोहरीचं तेल चोपडलेलं, आणि रागाची सुरुवात नेहमी नाकपुडीपासून. गिअर खरखरला तर माझ्या मनगटावर फटका बसे. पण रस्त्यावर त्यांच्या शेजारी बसलं की आपल्याला काही होणार नाही असं वाटायचं, आणि ते त्यांच्या नजरेमुळे. समोर नुसती धूळ उठली तरी बस येतेय, ट्रक येतोय की बैलगाड्यांची रांग, हे ते आधी सांगायचे. मी डोळे ताणताणून बघायचो आणि मला फक्त धूळ दिसायची. मग ती धूळ जवळ यायची आणि तिच्यातून उस्तादांनी सांगितलेलंच वाहन निघायचं.

"डिराइवर के पास दो ही चीजें हैं, पंडित," ते म्हणायचे, "आँख और पाँव. पाँव तो गधे के पास भी होत हैं."

टहरौलीत त्यांची जमीन नावापुरती होती. घर चालायचं ते या डोळ्यांवर.

ती फेरी दिवाळीच्या तोंडावरची. त्या दिवसांत गावोगाव घरं रंगवायला काढतात, त्यामुळे चुन्याला मागणी. माल मोठ गावच्या बाजारपेठेत पोचवायचा होता, म्हणजे कानपूर रस्त्यानं चिरगाव ओलांडून पुढे. अंतर काही फार नव्हे. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत, असा हिशोब. क्लीनर चुन्याच्या फेरीला हमखास आजारी पडायचे, त्यामुळे आम्ही दोघंच. मी चालवत होतो आणि उस्ताद शेजारी पाय वर घेऊन बसले होते.

निघताना ऊन होतं. चिरगाव येईपर्यंत ईशान्येकडून ढग चढले. पावसाळा संपून बरेच दिवस झाले होते, हे ढग कुणी बोलावले होते कुणास ठाऊक. चिरगावातून बाहेर पडतो न पडतो तोच काचेवर टपटप थेंब पडले. चारदोनच, पण उस्तादांनी पाय खाली घेतले.

"चला," ते म्हणाले. "रुको मत."

मी वेग वाढवला. थेंब थांबले. वारा मात्र सुटला होता आणि मागे ताडपत्रीचं एक टोक फडफडत असल्याचा आवाज येत होता. उस्तादांनी दरवाजा किंचित उघडून, एका हातानं चौकट धरून मागे पाहिलं. आत डोकं घेतलं तेव्हा त्यांच्या नाकपुड्या फुगलेल्या नव्हत्या. ते रागावले नाहीत हे पाहूनच मला धडकी भरली.

"कोने में से भाप निकर रई है. रोक."

मी गाडी कडेला घेतली. रस्ता निर्मनुष्य होता. दोन्ही बाजूंना नुकतीच नांगरलेली काळी शेतं, लांबवर चिंचेची झाडं. मागच्या डाव्या कोपऱ्यात, जिथं ताडपत्रीची दोरी सैल झाली होती, तिथून बारीक पांढरी रेघ वर जात होती. हात लावून पाहिलं तर फळी गरम. एखादं पोतं भिजलं होतं. ते तिथंच राहिलं असतं तर शेजारचं तापलं असतं, मग त्याच्या शेजारचं.

"एक बोरा फेंक देते हैं, बस," म्हणून उस्ताद वर चढले. मी खाली दोरी सोडत होतो. चुना हाताळताना वारा पाठीशी घ्यायचा, हे त्यांनीच मला शिकवलेलं. ते वाऱ्याकडे पाठ करूनच उभे होते. त्यांनी ताडपत्री उचलली, पोत्याचे कान धरले, ओढलं. आतून भाजून निघालेलं गोणपाट त्यांच्या हातात फाटलं, आणि नेमका त्याच क्षणी वारा फिरला.

मला वर फक्त पांढरा ढग दिसला. मग त्यातून आवाज आला. इतक्या वर्षांत मी या माणसाला ओरडताना हजार वेळा ऐकलं होतं, पण हे ओरडणं त्या जातीचं नव्हतं.

ते कसेबसे कडेपर्यंत सरकले आणि मी त्यांना कवेत घेऊन खाली उतरवलं. भुवया, मिशा, पापण्या, सगळं पांढरं. डोळे घट्ट मिटलेले आणि मिटलेल्या पापण्यांच्या फटीतून पाणी गळत होतं. मी गमछ्यानं त्यांचा चेहरा झटकला, कोरडाच. जेवढी पूड निघाली तेवढी निघाली. ते डोळ्यांवर मुठी दाबत होते आणि मी मुठी ओढून काढत होतो.

"पानी नईं!" ते म्हणाले. मी पाण्याचं नावही काढलं नव्हतं, आणि काढून उपयोगही नव्हता, पाणी होतं कुठं? "पंडित, पानी न डारियो! उबल जैहें आँखें! तेल ला, तेल!"

केबिनमध्ये त्यांची मोहरीच्या तेलाची बाटली होती. मी ती आणली, बूच काढलं, आणि तेल हातावर ओतणार तोच माझा हात थांबला. का थांबला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. "मोठमध्ये वैद्य आहे, तिथंच घालू," असं काहीतरी पुटपुटून मी त्यांना केबिनमध्ये बसवलं, ते तापलेलं पोतं वरून खाली लोटलं, दोरी कशीबशी आवळली आणि गाडी सुरू केली.

हात थांबला होता तो आईमुळे. दिवाळीआधी आमच्या घरी चुना विरवायचं काम तिचं. अंगणात अर्धं कापलेलं लोखंडी पिंप ठेवायची, त्यात खडे टाकायची आणि वरून पाणी. मला सांगायची, "हात राखून ओतू नकोस रे. थोड्या पाण्यानं चुना चिडतो. भरपूर घाल, म्हणजे गप्प बसेल." एका वर्षी मी शहाणपणा करून काठीनं ढवळायला गेलो आणि एक शिंतोडा थेट डोळ्यात उडाला. आईनं मला मानगुटीला धरून हौदाशी नेलं, बोटांनी पापणी फाकवली आणि तपेलीमागून तपेली डोळ्यात ओतत राहिली. मी लाथा मारल्या, तिला नाही नाही ते बोललो. तिनं मला सोडलं नाही.

गाडी चालवताना हे सगळं डोळ्यांपुढे येत होतं आणि त्याच वेळी दुसरं मन म्हणत होतं, गाढवा, तो चुना विरलेला होता. हा कोरडा आहे, कळीचा आहे. याच्यावर पाणी टाकलंस तर या माणसाचे डोळे तुझ्या हातानं शिजतील. कंपनीतला कुठलाही माणूस, अगदी हमालसुद्धा, हेच म्हणाला असता. मी शेजारी पाहिलं. उस्तादांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पांढरं, दाट. आणि तेव्हा मला लख्ख दिसलं की पाणी तर आत आहेच. डोळ्याचं स्वतःचं पाणी, थोडं थोडं, हात राखून ओतल्यासारखं. चुना चिडायला नेमकं तेवढंच लागतं.

मोठ अजून बरंच लांब होतं. पण त्या रस्त्याच्या जवळून कालवा जातो हे मला ठाऊक होतं. पुढच्या पुलाशी मी गाडी थांबवली, "दोरी बघतो" म्हणालो आणि धावत काठावर गेलो. कालवा कोरडा होता. रब्बीचं पाणी अजून सोडलं नव्हतं. तळाशी भेगाळलेला चिखल आणि त्यात एक मेलेलं कासव. मी त्या कालव्याला जी शिवी दिली ती माझ्या काकांनी ऐकली असती तर देवळात शिरायची मला बंदी झाली असती.

गाडीपाशी परत येताना रडू फुटत होतं. रेडिएटरचं झाकण उघडून बघावं असंही मनात आलं, पण त्यातलं पाणी उकळतं. म्हणजे पाणी होतं ते जाळणारं, आणि जे विझवणारं ते आम्ही सकाळी स्वतःच्या हातांनी गोदामाच्या भिंतीशी नीट ओळीनं मांडून आलो होतो.

जरा पुढे गेलो आणि उजव्या हाताला शेतात बैल गोल फिरताना दिसले. रहाट. मी गाडी थेट बांधापर्यंत नेली.

"काए रोकी?" उस्तादांनी विचारलं.

"वैद्याचं घर आलं," मी खोटंच सांगितलं. हिंदीत सांगितलं, पण आवाजातलं खोटं कुठल्याच भाषेत लपलं नसतं. त्यांचा हात खांद्यावर घेऊन मी चालायला लागलो. ढेकळांत ते अडखळत होते. विहिरीपाशी आलो तसे ते एकदम थांबले. डोळे बंद होते, कान उघडे होते. रहाटाची कुरकुर येत होती, आणि पन्हळीतून पाण्याची धार दगडी कुंडीत पडत होती.

"जा पानी की आवाज काए आ रई, पंडित?"

मी पायात पाय घालून त्यांना पाडलं, छातीवर गुडघा दिला आणि डोकं ओढून पन्हळीखाली घेतलं.

त्यांच्यात माझ्या दुप्पट ताकद होती. पण ते आंधळे होते, आणि मी घाबरलेला होतो, त्यामुळे सामना बरोबरीचा झाला. डावा डोळा वर होता. मी बोटांनी पापणी फाकवली. बुबुळ दिसत नव्हतं, नुसता पांढरा लगदा. धार त्यावर पडू लागली आणि लगदा वाहून जायला लागला. उस्ताद किंचाळत होते की याने मला मारलं, याने माझे डोळे उकळले. खरं सांगतो, त्या वेळी मलाही वाटत होतं की कदाचित हेच खरं आहे. माझं मन एवढंच म्हणत होतं, आईनं सोडलं नव्हतं, आईनं सोडलं नव्हतं.

आणि धार थांबली.

रहाट हाकणारा म्हातारा शेतकरी बैल उभे करून काठी घेऊन माझ्यापुढे उभा होता. त्याच्या विहिरीवर एक माणूस दुसऱ्याला बुडवून मारतोय, असंच त्याला दिसलं असणार.

"आँख में चूना गया है!" मी ओरडलो. "बैल चलाओ!"

"चूना में पानी?" म्हातारा मागे सरला. "जर जैहे बिचारा! छोड़ ऊखों!"

त्यालाही तेच ठाऊक होतं, जे जगाला ठाऊक होतं: चुन्यावर पाणी पडलं की माणूस जळतो. बैल रवंथ करत उभे राहिले. कुंडीतलं पाणी चुन्यानं दुधाळ झालं होतं, ते वापरता येत नव्हतं. उस्ताद माझ्या गुडघ्याखाली उसळत होते. मला हिंदी सुचेना. इतकी वर्षं बाहेर अखंड हिंदी बोलणारा मी, त्या क्षणी तोंडातून मराठीच बाहेर पडलं. म्हाताऱ्याला मी मराठीतून शिव्या घातल्या, मराठीतून पाया पडलो, "बाबा रे, पाणी सोड, पाणी सोड" म्हणून हुंदके देऊन रडलो. त्याला त्यातलं किती कळलं देव जाणे. पण मारेकरी असा रडत नसतो, एवढं त्याला कळलं असावं. त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, तोंडानं टचटच केलं आणि बैल चालू लागले.

डावा डोळा मी पुरता धुतला. बुबुळ काळं दिसलं तेव्हा त्यांचं डोकं फिरवून उजवा वर घेतला. याच फिरवाफिरवीत माझा हात त्यांच्या तोंडाशी गेला आणि उस्ताद अंगठ्याच्या मुळाशी कडकडून चावले. दात हाडापर्यंत गेले. मी हात ओढला, ते निसटले आणि ओल्या शेतात रांगत सुटले, उजव्या डोळ्यावर तळवा घट्ट दाबून. मी मागे धावलो, पुन्हा धरलं, म्हाताराही आता मदतीला आला, पण त्या तळव्याखालून डोळा मोकळा करायला फार वेळ गेला. पुन्हा पन्हळीखाली आणलं. धुतलं, जमेल तेवढं. मग त्यांच्यातली ताकद सरली आणि ते लहान मुलासारखे थरथरत पडून राहिले.

मोठकडून झाशीला जाणारी बस लांबून दिसली, तशी मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हरनं गाडी सोडून जायचं नसतं. मी सोडली. म्हाताऱ्याला हात जोडून सांगितलं, गाडीकडे लक्ष ठेवा, पाऊस आला तर लांब पळा, धूर दिसला तरी पाणी टाकू नका.

म्हातारा हताश होऊन म्हणाला, "भैया, आँख में डारो, गाड़ी पै न डारो. हमें तो कछू समझ में नईं आ रओ."

पाऊस आला नाही. गाडी वाचली. पण हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि कळल्यावरही काही वाटलं नाही.

झाशीच्या दवाखान्यात उस्तादांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. डॉक्टर रोज काहीतरी घालायचे, बघायचे आणि पुढच्या खाटेकडे वळायचे. मी बाकावर बसून राहायचो. उस्ताद माझ्याशी बोलत नव्हते. मी आलो की त्यांना पावलांवरून कळायचं आणि ते भिंतीकडे तोंड करायचे.

आई एके दिवशी मऊ भात आणि तूप घेऊन आली. तिनं स्वतः त्यांना भरवलं. ट्रकवाल्यांच्या सावलीलाही न उभी राहणारी माझी आई, गमछा त्यांच्या मानेखाली खोचून घास भरवत होती. दोन घास खाऊन उस्ताद म्हणाले, "अम्माजी, आपके लड़के ने हमाई आँखें फोड़ दईं."

आईची हिंदी अगदी मराठी वळणाची. ती म्हणाली, "हमने भी इसको ऐसाच पकड़ा था, भैया. लात मारता था, गाली देता था. अब दोनों आँखों से देखता है. और देखके भी ट्रक चलाता है."

उस्ताद हसले नाहीत. पण त्यांनी पुढचा घास घेतला.

पट्ट्या काढल्या त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, डावा डोळा राहील. उजव्यावर कायमचा पांढरा पडदा. मी विचारलं, असं का, तर त्यांनी साधेपणानं सांगितलं, "हा नीट धुतला गेला. तो धुवायला उशीर झाला, आणि पुरता धुतला नाही. पाणी तिथल्या तिथं, लगेच मिळालं असतं तर दोन्ही राहिले असते." उस्ताद समोरच बसले होते. त्यांनी ऐकलं. बाहेर आल्यावर एवढंच बोलले, "पानी से गई आँख." आणि टहरौलीच्या बसमध्ये चढले. एका डोळ्यानं अवजड गाडी चालवायचा परवाना मिळत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मला फार राग आला होता. मोकळेपणानं सांगतो, दुःखापेक्षा राग जास्त होता. ज्यांनी सगळ्यात कडक सोवळं पाळलं, त्या सकाळी माझ्या हातातली सुरईसुद्धा हिसकावून घेतली, त्यांनी माझ्यावर ठपका ठेवावा? लगेच पाणी मिळालं असतं म्हणे. ते कुठं होतं, कुणी ठेवलं होतं, हे मला टहरौलीला जाऊन ओरडून सांगायचं होतं. गेलो नाही. पुढे राग निवला आणि मागे राहिली ती नुसती टोचणी. रस्त्यावर समोर धूळ उठली की मी अजून शेजारी बघायचो, आणि शेजारच्या सीटवर कुणी दुसराच माणूस बिडी ओढत बसलेला असायचा. त्यांची मला फार आठवण यायची.

पुढच्या दिवाळीच्या आधी उस्ताद परत आले. मालकांनी त्यांना गोदामात माल चढवून घेण्याच्या कामावर ठेवलं. उजवा डोळा दुधाळ, मान जरा तिरकी, मिशा पिकलेल्या. माझ्याशी कामापुरतं बोलायचे, "ये बोरा इधर", "रस्सी कस", एवढंच. पंडित म्हणून हाक त्यांनी मारली नाही.

त्या हंगामात मोठचा चुना पहिल्यांदा भरला तो माझ्याच गाडीत. रिवाजाप्रमाणे मी सुरई, डबा, बाटली काढून भिंतीशी मांडली. पोती चढली, ताडपत्री बांधली. निघायला केबिनमध्ये चढलो तर शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागेत, झाकणाचं मोठं पत्र्याचं पिंप. सुतळीनं चौफेर जखडलेलं, झाकणावर कोरडं फडकं बांधलेलं, वर लोटा अडकवलेला. हलवून पाहिलं. काठोकाठ भरलेलं.

खाली हमाल आणि ड्रायव्हर हसायला लागले होते. कुणी म्हणालं, उस्ताद सठिया गए. कुणी म्हणालं, एक आँख गई, अब गाड़ी भी जलाएँगे. त्या नाकपुड्या फुगतील म्हणून मी वाट पाहिली. त्या फुगल्या नाहीत. उस्ताद दरवाजाशी आले, फळीवर एक पाय ठेवून आत झुकले, हातानं झाकण पुन्हा एकदा चाचपून पाहिलं.

"एक बूँद बाहर नईं गिरहे," ते म्हणाले. "हमने खुद भरो है. हर चूने की गाड़ी में रहेगा अब. जाखों हँसने, सो हँसे."

मी मान हलवली. स्टिअरिंगवर ठेवलेल्या माझ्या हाताकडे त्यांची तिरकी नजर गेली. अंगठ्याच्या मुळाशी त्यांच्या दातांचा व्रण होता, अजूनही आहे. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"और सुन, पंडित," ते हळूच म्हणाले, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये इतकं हळू. "अब की बेर कोऊ काटे, तोऊ न छोड़ियो."

मी गाडी बाहेर काढली. ऊन स्वच्छ होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, तरी चिरगावपर्यंत मला रस्ता धड दिसला नाही.